रात्रीची मोटर, पहाटेचा गजर आणि अपुरी झोप

गेल्या अंकात झोपेविषयीचे प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे. ही पत्रे वाचताना एक गोष्ट मनाला लागली. झोप पुरत नाही हे सांगताना जवळजवळ प्रत्येकाने स्वतःलाच दोष दिला आहे. कोणी बेशिस्तीला, कोणी वयाला, तर कोणी मनाच्या दुबळेपणाला. पत्रांतील तपशील मात्र निराळेच सांगतो. झोपेचे तास बहुतेक ठिकाणी विजेच्या वेळापत्रकाने, शाळेच्या घंटेने, नळाच्या पाण्याने किंवा परीक्षेच्या धास्तीने कापून घेतले आहेत. आयुर्वेदाने निद्रेला आहाराच्या जोडीने शरीराच्या तीन उपस्तंभांत स्थान दिले. आपण जेवणाची वेळ टळली तर काळजी करतो, झोपेची टळली तर कौतुक करतो, ही मला आपल्या घराघरांतील मोठी चूक वाटते.

प्रश्न : मी सांगली जिल्ह्यातील ऊस उत्पादक शेतकरी आहे, वय ४४. आमच्याकडे शेतीपंपाची वीज चक्राकार पद्धतीने, कधी दिवसा तर कधी रात्री मिळते. रात्रीची पाळी आली की बॅटरी घेऊन उसाला पाणी पाजायला, दारे धरायला जातो आणि पहाटे परततो. मग धार काढून डेअरीला दूध घालेपर्यंत आठ वाजतात. त्यानंतर जेमतेम तीन-चार तास झोप होते. अलीकडे पित्त वाढले आहे, घरच्यांवर विनाकारण राग निघतो आणि गावातल्या शिबिरात साखर सीमेवर असल्याचे सांगितले. रात्रीची झोप दिवसा भरून काढली तर चालत नाही का?

उत्तर : काही अंशी चालते, पूर्णपणे नाही. आपल्या मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांकडून येणारे मज्जातंतू जेथे एकमेकांना छेदतात त्याच्या लगेच वर, पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. डोळ्यांवर पडणाऱ्या उजेडावरून तो दिवस आणि रात्र ओळखतो व शरीराचे तापमान, भूक, रक्तदाब आणि संप्रेरके यांच्या वेळा लावून देतो. शरीरातील पेशींच्या आतही असेच घड्याळ चालू असते. त्याची जनुकीय यंत्रणा फळमाश्यांवरील संशोधनातून उलगडणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग या अमेरिकी शास्त्रज्ञांना २०१७ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

आता आपली रात्र पाहा. पहाटे तीन-चारच्या सुमारास, आपण उसाच्या सरीत चिखलात उभे असता तेव्हा, शरीराचे तापमान सर्वांत खाली गेलेले असते, पचन मंदावलेले असते आणि मेंदू झोपेची मागणी करीत असतो. सकाळी नऊला आपण अंथरुणावर पाठ टेकता तेव्हा तेच तापमान चढणीला लागलेले असते आणि उन्हाने घड्याळाला दिवस उजाडल्याचे कळवलेले असते. त्यामुळे घरात सर्वांनी पाय न वाजवता वावरले, तरी दिवसाची झोप लवकर मोडते. आपण कमी झोपता असे नाही, शरीरच आपल्याला पुरते झोपू देत नाही.

साखरेचा संबंधही येथेच आहे. शिकागो विद्यापीठात १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ११ निरोगी तरुणांना सलग सहा रात्री केवळ चार तास झोपू दिले, तेव्हा त्यांच्या शरीराची साखर हाताळण्याची क्षमता स्पष्टपणे घसरली. ती मुले तरुण होती, सुदृढ होती आणि प्रयोग आठवड्याभराचा होता. आपण हे वर्षानुवर्षे करीत आहात. त्याच गटाने २००४ साली दाखवले की दोन रात्रींच्या अपुऱ्या झोपेनेही पोट भरल्याची जाणीव देणारे संप्रेरक कमी होते, भूक लावणारे वाढते आणि मन गोड, खारट व पिष्टमय पदार्थांकडे ओढ घेते. त्यातच मध्यरात्री पोटात गेलेले अन्न शरीराला दिवसाइतके चांगले हाताळता येत नाही. पित्त आणि साखर या आपल्याला दोन तक्रारी वाटतात, परंतु त्यांचे मूळ बऱ्याच अंशी एकाच वेळापत्रकात असावे.

पाळी सतत बदलत राहणे हे त्यातले सर्वांत वाईट. घड्याळाला नव्या वेळेशी जुळवून घ्यायला बरेच दिवस लागतात आणि ते जुळू लागते न लागते तोच विजेची वेळ बदलते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ साली शरीराचे घड्याळ बिघडवणाऱ्या पाळीच्या कामाला ‘कर्करोगास बहुधा कारणीभूत’ या गटात घातले आणि २०१९ साली रात्रपाळीबाबत तोच निष्कर्ष कायम ठेवला. याचा अर्थ रात्री पाणी पाजणाऱ्या प्रत्येकाला कर्करोग होईल असा नाही. रात्रीचे जागरण ही किरकोळ गैरसोय म्हणून सोडून देण्यासारखी बाब नाही, एवढे मात्र त्यातून निश्चित कळते.

रात्रीच्या पाळीच्या दिवशी संध्याकाळी लवकर जेवून, शेतावर जाण्यापूर्वी दीड-दोन तास झोपावे. मध्यरात्री भूक लागल्यास मूठभर शेंगदाणे किंवा ताक पुरे. भरपेट भाकरी आणि चहाचे पेल्यावर पेले टाळावेत. परतल्यावर दूध घालण्याचे काम त्या दिवसांपुरते मुलाने किंवा भावाने उचलावे, अशी माझी आपल्या घरच्यांना विनंती आहे. यामागे एक वेगळे भयही आहे. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी १९९७ साली दाखवून दिले की सलग १७ तास जागे राहिलेल्या माणसाची कामगिरी, दर १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम मद्य असलेल्या माणसाइतकी घसरते. आपल्या देशात वाहन चालवताना ही मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे. रात्रभर जागून पहाटे मोटारसायकलला दुधाची किटली अडकवून निघणारा निर्व्यसनी माणूसही म्हणूनच रस्त्यावर सुरक्षित नसतो.

ठिबक बसवल्यास दारे धरत रात्रभर उभे राहण्याची गरज पुष्कळ कमी होते, आणि सौर कृषिपंपाच्या शासकीय योजनांकडे मी वीजबिलाइतकेच आरोग्याच्या दृष्टीने पाहतो. शेतीला दिवसा वीज मिळावी ही मागणी करताना शेतकऱ्यांनी सापाविंचवाच्या भयासोबत आपल्या हृदयाचा आणि साखरेचाही उल्लेख करावा. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी साखरेची तपासणी मात्र आपण या महिन्यातच करून घ्यावी.

प्रश्न : माझी मुलगी दहावीत आहे. आम्ही नाशिकला राहतो. तिचा क्लास सकाळी सहाला असतो, त्यानंतर शाळा आणि रात्री साडेबारापर्यंत अभ्यास. तिला लवकर झोप म्हटले तरी अकराच्या आधी झोप येत नाही आणि सकाळी उठवताना रोज रडारड होते. मी स्वतः साडेचारला उठते, कारण पाणी तेव्हाच येते आणि दोन डबे करायचे असतात. हे एक वर्ष असेच काढावे लागेल, असे सगळे म्हणतात. खरेच तसे आहे का?

उत्तर : ताई, आपल्या पत्रातील सहा ओळी मुलीविषयी आहेत आणि एक ओळ आपल्याविषयी. त्या एका ओळीकडे मी शेवटी येणारच आहे.

मुलीला अकराच्या आधी झोप येत नाही हा हट्ट नाही. वयात येताना शरीराचे घड्याळ एक-दोन तास पुढे सरकते आणि झोपेची चाहूल देणारे मेलाटोनिन रात्री उशिरा स्रवू लागते. तेरा ते अठरा या वयात आठ ते दहा तास झोप हवी. आपली मुलगी पाच तास झोपत असेल. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ साली याच कारणासाठी मोठ्या मुलांच्या शाळा सकाळी साडेआठच्या आधी भरवू नयेत अशी शिफारस केली. आपल्याकडेही डिसेंबर २०२३ मध्ये तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी विद्यार्थ्यांच्या झोपेचा मुद्दा मांडला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवण्याचा निर्णय शासनाने घेतला. तो निर्णय चांगलाच होता. परंतु लहान मुले मुळात लवकर झोपणारी आणि लवकर उठणारी असतात. पहाटेचा जाच खऱ्या अर्थाने सुरू होतो तो आठवीपासून पुढे. त्या वयाच्या मुलांना निर्णयाने वगळले आणि सहाच्या क्लासला तर कोणताच नियम लागू नाही.

अभ्यासासाठी झोप सोडणे हा अभ्यासाचाच तोटा आहे. कॉर्नेल विद्यापीठातील दोन संशोधकांनी १९२४ साली दोन विद्यार्थ्यांना निरर्थक अक्षरसमूह पाठ करायला दिले आणि काही तासांनी ते विचारले. मधला वेळ झोपेत गेला असेल तेव्हा दोघांनाही, तेवढाच वेळ जागे राहून काढल्यापेक्षा, बरेच जास्त आठवले. त्यानंतरच्या शंभर वर्षांत हा निष्कर्ष अनेक रीतींनी पडताळला गेला. दिवसभरात वाचलेले मेंदूत आधी तात्पुरते साठते आणि गाढ झोपेत ते कायमच्या स्मृतीकडे सरकवले जाते. झोपेचे साधारण ९० मिनिटांचे एक आवर्तन असते. गाढ झोप रात्रीच्या पूर्वार्धात अधिक असते आणि स्वप्नांची झोप पहाटेकडे वाढत जाते. पाच वाजताच्या गजराने कापला जातो तो मुख्यतः स्वप्नांच्या झोपेचा हिस्सा, आणि मनातील भावनांची घडी बसवण्यात त्याचा मोठा वाटा असतो. सकाळच्या रडारडीचे एक कारण तेथे आहे.

म्हणून क्लासची दुपारची किंवा संध्याकाळची तुकडी मिळते का ते प्रथम विचारा, आणि मिळत नसेल तर अन्य तीन-चार पालकांना घेऊन पुन्हा विचारा. रात्रीचा अभ्यास साडेदहाला थांबवावा, सर्वांत अवघड विषय संध्याकाळी उरकावा, आणि सकाळी उठल्याबरोबर तिला गच्चीत किंवा खिडकीत उजेडात दहा-पंधरा मिनिटे बसवावे; घड्याळ मागे ओढण्याचा तो सोपा उपाय आहे. रविवारी तिला तासभर जास्त झोपू द्यावे, बारापर्यंत मात्र नको, कारण मग सोमवारची पहाट आणखी जड जाते.

आता आपल्याविषयी. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील एका अभ्यासात रोज सहा तास झोपणाऱ्यांची एकाग्रता दोन आठवड्यांत इतकी खालावली की ती सलग रात्रभर जागलेल्या माणसांच्या पातळीला पोहोचली, आणि तरीही आपण फारसे थकलेलो नाही असे त्यांना वाटत राहिले. घरात सर्वांत शेवटी झोपणाऱ्या आणि सर्वांत आधी उठणाऱ्या बाईला ‘मला सवय आहे’ असे वाटते ते याच कारणाने. सवय होते ती थकव्याची. शरीराची गरज कमी होत नाही. पाणी भरण्याचे काम आळीपाळीने करा, एका डब्याची भाजी रात्री चिरून ठेवण्याचे काम दुसऱ्या कोणाकडे द्या. आपल्या मुलीलाही पुढे अनेक वर्षे घर आणि काम सांभाळायचे आहे, आणि झोपेचा हक्क सोडून द्यायचा असतो हे ती आपल्याकडे पाहून शिकू नये, असे मला मनापासून वाटते.

प्रश्न : माझे पती ४८ वर्षांचे आहेत. डोंबिवलीहून दादरला नोकरीसाठी जातात. ते रात्री मोठ्याने घोरतात, मध्येच श्वास थांबतो आणि दचकून पुन्हा सुरू होतो. सकाळी डोके जड असते, लोकलमध्ये उभ्या उभ्या डुलकी लागते. ‘थकलेला माणूस घोरणारच’ असे म्हणून ते डॉक्टरांकडे जायचे टाळतात. रक्तदाबाच्या दोन गोळ्या चालू आहेत.

उत्तर : आपण केलेले वर्णन निद्राश्वसनरोधाचे आहे आणि त्यांना शक्य तितक्या लवकर तपासणीला न्यावे. या आजारात झोपेत घशाचे स्नायू सैल पडून श्वासमार्ग बंद होतो, रक्तातील प्राणवायू घटतो, मेंदू क्षणभर जागा होऊन श्वास पुन्हा सुरू करतो आणि असे एका तासात कितीतरी वेळा घडते. सकाळी त्यातले काहीच आठवत नाही. निरोगी झोपेत रक्तदाब रात्री १० ते २० टक्क्यांनी उतरतो आणि हृदयाला विसावा मिळतो. येथे प्रत्येक गुदमरण्यासरशी तो उसळतो. दोन गोळ्या घेऊनही रक्तदाब आटोक्यात येत नसेल तर त्याचे कारण रात्रीत असू शकते.

तपासणी म्हणजे रात्रभर श्वास, प्राणवायू आणि झोपेची नोंद. ती रुग्णालयात होते आणि अनेकदा घरीही करता येते. आजार मध्यम किंवा तीव्र असेल तर नाकावरील मुखवट्यातून हवेचा हलका दाब देणारे यंत्र वापरतात. सिडनीचे डॉक्टर कॉलिन सलिव्हन यांनी ते तयार केले आणि १९८१ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पहिले काही दिवस मुखवटा नकोसा वाटतो, पण सवय झाल्यावर अनेक वर्षांनी प्रथमच ताजेतवाने उठलो असे सांगणारे रुग्ण मी स्वतः पाहिले आहेत. वजन उतरवल्याने फायदा होतो, मात्र सडपातळ माणसालाही हा आजार असू शकतो. तोवर त्यांनी कुशीवर झोपावे आणि मद्य व झोपेची गोळी पूर्णपणे टाळावी, कारण दोहोंमुळे घशाचे स्नायू आणखी सैल पडतात. त्यांचे घोरणे मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून त्यांना ऐकवा. बायकोच्या सांगण्यापेक्षा स्वतःचा थांबलेला श्वास ऐकून माणूस लवकर उठतो.

प्रश्न : मी २६ वर्षांचा आहे. पुण्यात कॉट बेसिसवर राहून स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. रात्री तीन-तीन वाजेपर्यंत झोप येत नाही. दोनदा थोडक्यात निवड हुकली, तेच डोक्यात फिरत राहते. घरी वडिलांना काय सांगू, असे वाटते. सकाळी काही करावेसे वाटत नाही. झोप येत नाही म्हणून मन खचले आहे की मन खचले आहे म्हणून झोप येत नाही?

उत्तर : तुम्ही फार नेमका प्रश्न विचारला आहे. पूर्वी डॉक्टर दुसरे उत्तर देत. निद्रानाश हे नैराश्याचे लक्षण, मूळ आजार बरा झाला की झोप येईल, असे मानले जाई. आता दोन्ही दिशांचा संबंध मान्य झाला आहे. झोप नसलेल्या मेंदूत भीती आणि रागाचे केंद्र अनावर होते: २००७ सालच्या एका अमेरिकी अभ्यासात रात्रभर जागलेल्या तरुणांना त्रासदायक चित्रे दाखवली असता त्या केंद्राची प्रतिक्रिया ६० टक्क्यांहून अधिक तीव्र आढळली, आणि त्याला आवर घालणाऱ्या पुढच्या भागाशी त्याचा दुवा सैल पडलेला दिसला. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०१७ साली निद्रानाश असलेल्या ३,७५५ विद्यार्थ्यांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. ज्यांना केवळ झोपेवरचे उपचार मिळाले, त्यांच्या संशय, चिंता आणि उदासीनतेच्या तक्रारीही कमी झाल्या. म्हणजे रात्री दोन वाजता आयुष्याविषयी जे निकाल तुम्ही स्वतःविरुद्ध देता, ते थकलेल्या मेंदूचे आहेत. त्यांवर सही करू नका.

दीर्घ निद्रानाशावर पहिला उपचार गोळ्यांचा नसून विचार आणि वर्तन बदलण्याच्या पद्धतीचा असावा, अशी शिफारस अमेरिकेतील फिजिशियन डॉक्टरांच्या संघटनेने २०१६ साली केली. तिचा गाभा असा की अंथरूण फक्त झोपेसाठी राखायचे. कॉट बेसिसवर राहणाऱ्या मुलाला हे सांगणे सोपे नाही, याची मला जाणीव आहे. तुमची खाट हेच तुमचे टेबल, जेवणाची जागा आणि फोनवर बोलण्याची जागा आहे. तरी एवढे करता येईल. अभ्यास अभ्यासिकेतच संपवा. खोलीवर बसायचे झाल्यास जमिनीवर चटई टाकून बसा. खाटेवर चादर रात्रीच अंथरा आणि सकाळी उठताच गुंडाळा, म्हणजे तीच खाट दिवसा वेगळी आणि रात्री वेगळी होईल. झोप डोळ्यांवर आल्यावरच आडवे व्हा. वीसेक मिनिटांत लागली नाही तर उठून मंद उजेडात चटईवर बसा आणि पुन्हा पेंग आली की परता. सर्वांत महत्त्वाचे, रात्र कशीही गेली तरी सकाळी ठरलेल्या एकाच वेळी उठा. पहिला आठवडा जड जातो. दिवसभर जागे राहिल्याने मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचे द्रव्य साचत जाते आणि तेच रात्रीच्या झोपेची ओढ निर्माण करते. उशिरा उठून तुम्ही ती ओढच कमी करता. चहातील कॅफिन याच द्रव्याची वाट अडवते आणि त्याचा निम्मा अंश शरीरात सुमारे पाच तास टिकतो, तेव्हा रात्री दहाचा अमृततुल्यचा चहा पहाटे तीनलाही अर्धा शिल्लक असतो. दुपारी चारनंतर चहा नको.

निवड हुकल्याचे विचार संध्याकाळी सातच्या सुमारास पंधरा मिनिटे वहीत लिहून काढा, प्रत्येकापुढे उद्याची एक कृती लिहा आणि वही मिटा. आणि वडिलांना फोन करा. ते वर्षभर तुमच्या निकालाची वाट पाहत असतील, पण तुमचा आवाज खोल गेला आहे हे त्यांना कळल्याशिवाय राहिले नसेल.

उदासीनता दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकली असेल, जेवण नकोसे वाटत असेल किंवा जगणे नको असे विचार येत असतील, तर हे उपाय करीत थांबू नका. मानसोपचारतज्ज्ञांना लगेच भेटा. केंद्र सरकारची टेलिमानस ही १४४१६ क्रमांकावरील सेवा विनामूल्य आणि चोवीस तास उपलब्ध आहे, आणि तेथे मराठीत बोलता येते.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे, वय ७२, राहणार रत्नागिरी. रात्री नऊला झोपतो आणि पहाटे तीनला जाग येते, मग झोप नाही. दुपारी जेवणानंतर दोन तास वामकुक्षी होते. शेजाऱ्यांनी दिलेली झोपेची गोळी चार वेळा घेतली. ती चालू ठेवू का?

उत्तर : गुरुजी, नऊ ते तीन हे सहा तास, दुपारचे दोन, बेरीज आठ. या वयाला सात ते आठ तास पुरेसे मानतात. आपल्याला निद्रानाश नाही, झोप दोन ठिकाणी वाटली गेली आहे. वामकुक्षी तीनच्या आत वीस ते तीस मिनिटांवर आणावी, संध्याकाळी उजेड असेपर्यंत फिरायला जावे आणि रात्री साडेदहाच्या आधी अंथरुणावर जाऊ नये. शेजाऱ्यांची गोळी परत करावी. या वयात तिच्यामुळे रात्री तोल जाऊन पडण्याचा आणि स्मृती मंदावण्याचा धोका असतो, आणि मोडलेले खुब्याचे हाड हे पहाटे तीनला जाग येण्यापेक्षा फार मोठे दुखणे आहे. जाग लघवीसाठी येत असेल तर आपल्या सर्व औषधांची चिठ्ठी डॉक्टरांना दाखवा. रक्तदाबाच्या काही गोळ्या लघवी वाढवतात आणि त्या संध्याकाळऐवजी सकाळी घेता येतील का, ते डॉक्टर सांगतील.